भविष्यात विस्ताराची शक्यता नाही

माणसाला पूर्वज असतात, याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. ते होऊन गेले, त्यांनी आपापलं जे काय करायचं ते केलं, आणि त्यांच्यापैकी कुणी माझ्याकडे काही मागायला आलं नाही, एवढ्या भांडवलावर आमचे संबंध चांगले होते. ते बिघडले माझ्या मेव्हण्यामुळे.

मेव्हण्याने त्याच्या बैठकीच्या खोलीत अकरा पिढ्यांचा वंशवृक्ष लावला. चांगला दाराएवढा. सोनेरी चौकट, काच आणि मागून दिवा. दिव्याचं बटण जेवणाच्या टेबलापाशी, त्यामुळे जेवता जेवता त्याला आपले पूर्वज हवे तेव्हा पेटवता आणि विझवता येत. "हे आमचे सातवे," तो म्हणाला, "घोड्यावरून पडून गेले." मी हळहळलो. सातव्यासाठी परक्या माणसाने याहून जास्त काय करावं? मग त्याने वाटी पुढे सरकवत विचारलं, "तुमच्याकडे कुठपर्यंत माहिती आहे?" मी म्हणालो, "आजोबांपर्यंत." तो म्हणाला, "असू दे, असू दे," आणि मला आणखी भात वाढला.

परत येताना बायको काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला सत्तावीस वर्षांच्या सरावाने वाचता येतं. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबून ती म्हणाली, "दोन महिन्यांनी बाबांना ऐंशी पूर्ण होतात. पुन्हा घड्याळच द्यायचंय का?" बाबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, माझ्याच कृपेने चार घड्याळं आहेत आणि ती चारही वेगवेगळी वेळ दाखवतात. म्हणजे वाढदिवसाला वंशवृक्ष द्यायचा हे दुसऱ्या मजल्यावरच ठरलं. मला ते तिसऱ्या मजल्यावर कळलं.

इथे माझ्या पेशाबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. मी पाणीपुरवठा खात्यात आरेखक आहे, म्हणजे नकाशे काढतो. रस्त्याखालून कुठली वाहिनी कुठून कुठे जाते, तिला फाटे कुठे फुटतात, हे गेली एकतीस वर्षं मी शाईने काढत आलो आहे. आता असा माणूस झाड काढील का? झाडात पूर्वज मुळाशी आणि आपण शेंड्यावर, म्हणजे सगळा प्रवाह खालून वर. उतारच उलटा! कुठल्याही खात्यात असला नकाशा मंजूर होणार नाही. मी सरळ वाहिनीचा नकाशा काढायचं ठरवलं. वर मुख्य वाहिनी, खाली फाटे, आणि उजव्या कोपऱ्यात खुणांची सूची. जाड रेघ म्हणजे चालू. तुटक रेघ म्हणजे वापरात नाही. इथे त्याचा अर्थ मयत. आणि रेघेच्या टोकाला आडवी दांडी म्हणजे बंद टोक, पुढे जोडणी नाही. इतकी स्वच्छ पद्धत आजवर कुणाला सुचली कशी नाही, याचं मला नवल वाटलं. आता वाटत नाही.

वंशवृक्षाची बातमी इमारतीत पसरायला एक दिवस लागला. खालच्या मजल्यावर निवृत्त इन्स्पेक्टरसाहेब राहतात. ते म्हणाले, "प्रकरण कुठलंही असो, सुरुवात प्रेतापासून करायची." समोर दाताचे डॉक्टर आहेत. त्यांनी मला जिन्यातच तोंड उघडायला लावलं आणि म्हणाले, "तुमच्या घराण्यात खालचा जबडा किंचित पुढे आहे. कुणी नातेवाईक म्हणून आला, तर कागदपत्रं नंतर बघा. आधी त्याला हसायला सांगा."

इन्स्पेक्टरसाहेबांच्या सल्ल्याप्रमाणे मी प्रेत शोधू लागलो. आमच्या घराण्यात सोयीचं प्रेत एकच होतं आणि तेच हरवलेलं. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ एका सकाळी केस कापून येतो म्हणून बाहेर पडले, ते अजून आलेले नाहीत. बाबांना त्यांच्याबद्दल एवढंच माहीत होतं. "तसे केस वाढलेले नव्हते म्हणे," ते म्हणाले. हा पुरावा मी टिपून ठेवला.

जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात खिडकीपलीकडे एक बाई होत्या. त्यांनी न बघताच अर्ज पुढे केला.

"मयताची तारीख?"

"ती हवी म्हणूनच आलोय."

"तारीख असल्याशिवाय नोंद सापडत नाही."

"आणि नोंद सापडल्याशिवाय तारीख कळत नाही."

"बरोबर!" बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर हुशार विद्यार्थी भेटल्याचा आनंद होता. "लोकांना हे समजावून सांगायला अर्धा तास जातो हो माझा."

या ओळखीवर मी आणखी चार खेपा घातल्या. पाचव्या खेपेला त्यांनी शिक्का मारून कागद दिला: सदर व्यक्तीच्या मृत्यूची नोंद या कार्यालयात आढळून येत नाही. इन्स्पेक्टरसाहेबांनी तो दोनदा वाचला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अभिनंदन. चुलत आजोबा कायद्याने जिवंत आहेत." मी हिशेब केला. वय वर्षं एकशे अठ्ठावीस. पण शिक्क्याच्या कागदाविरुद्ध जाणं मला एकतीस वर्षांत जमलेलं नाही. मी त्यांची रेघ जाड काढली.

आता माणूस जिवंत आहे म्हटल्यावर त्याची मुलंबाळं शोधणं आलं. इथे माझ्या हातून एक छोटी चूक झाली. 'आमच्या कुटुंबाशी रक्ताचं नातं असलेल्यांनी खोली क्रमांक नऊमध्ये आरेखकांना भेटावे' अशी सूचना मी लिहिली आणि ती आमच्याच कार्यालयात, तक्रार खिडकीशेजारच्या फळ्यावर लावली. फळा मोकळा होता, एवढाच माझा विचार.

पंधरा दिवसांत मला सतरा नातेवाईक सापडले.

पहिला आला तो एक लाँड्रीवाला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा असावा, पण आल्या आल्या मला "काका" म्हणाला. त्याच्या पणजोबांनाही अधूनमधून केस कापायची सवय होती म्हणे. मी शहारलो. मग तो खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "काका, घरचीच गोष्ट म्हणून सांगतो, आमच्या तिसऱ्या मजल्यावर पाणीच चढत नाही." दुसऱ्या दिवशी एक वयस्क बाई आल्या. त्यांनी पिशवीतून बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. आतलं पाणी विटकरी रंगाचं होतं. "बघा," त्या म्हणाल्या, "तुमच्याच रक्ताची माणसं हे पितात." माझा जीव कळवळला. मी त्यांची चौकट तिथल्या तिथे आखली.

मी अगदीच भोळा आहे असं कुणी समजू नये. मी प्रत्येकाला हसायला सांगत होतो. सतरापैकी अकरांचा जबडा पुढे होता, आणि बाकीच्या सहांनी तो माझ्यासाठी पुढे केला. शंका आली की मी दाताच्या डॉक्टरांकडे पाठवी. त्यांनी नऊ जणांना पुढच्या आठवड्याची वेळ दिली.

याच सुमारास नकाशा कार्यालयातल्या इतर नकाशांबरोबर चुकून साहेबांच्या सहीला गेला. तीन दिवसांनी परत आला, तो शेऱ्यासह: 'वाहिनी फार जुनी दिसते. खालच्या भागातील सतरा जोड संशयास्पद. प्रत्यक्ष पाहणी करून अहवाल द्यावा.' साहेब आमच्या घराण्याला ओळखत नाहीत. तरी आजवर आमच्याबद्दल इतकं अचूक कुणी लिहिलेलं नाही. शेरा पेन्सिलीतला होता म्हणून मी तो खोडला.

वाढदिवसाला बारा दिवस राहिले असताना मी नकाशा बैठकीच्या खोलीत दारावर टाचून लावला. घरच्यांनी आधी पाहावा, एवढाच हेतू. आणि त्या संध्याकाळी आत्या आली.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. वय शहात्तर. तिने लग्न केलं नाही. यामागे काही दुःखद कहाणी असेल असं समजून पुष्कळांनी बाबांना विचारलेलं आहे. बाबा सांगतात, "तिघांनी मागणी घातली. तिघांच्याही पत्रांत चुका होत्या. तिने त्या दुरुस्त करून पत्रं परत पाठवली." आत्या चौतीस वर्षं सरकारी छापखान्यात प्रूफं तपासत होती. हॉटेलात गेलो तर ती आधी मेनूकार्ड तपासते, मग भूक लागली आहे का ते बघते.

तिने पर्समधून छोटी पट्टी काढली आणि दारासमोर खुर्ची ओढून नकाशा वरून खाली वाचायला घेतला. पहिल्या दहा मिनिटांत तिने तीन चुका काढल्या. मी खूश होतो. तीन म्हणजे तिच्या हिशेबी जवळजवळ बक्षीसच. मग पट्टी तिच्या स्वतःच्या चौकटीवर आली आणि थांबली.

"हे टोकाला आडवं काय आहे रे?"

"बंद टोक," मी म्हणालो. विषय माझ्या हातखंड्याचा होता. "म्हणजे पुढे जोडणी नाही."

"आणि हे खाली काय लिहिलंयस?"

खाली मी जे लिहिलं होतं, ते खरोखर मी लिहिलंच नव्हतं, हाताने लिहिलं होतं. खात्याच्या नकाशात प्रत्येक बंद टोकाखाली एक ठरलेलं वाक्य येतं. एकतीस वर्षांत मी ते हजारो वेळा लिहिलं असेन. आत्याच्या नावाखाली, माझ्या उत्तम वळणदार अक्षरात, ते होतं: 'भविष्यात विस्ताराची शक्यता नाही.'

आत्याने ते मनात वाचलं. पट्टी पर्समध्ये ठेवली. "शुद्धलेखन बरोबर आहे," ती म्हणाली, आणि चहा संपवून गेली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, की गुडघा दुखतोय, वाढदिवसाला जमणार नाही. आत्या चौथ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, आणि ती दिवसातून दोनदा खाली उतरून वर्तमानपत्र बदलून आणते, कारण पहिल्यात चूक सापडलेली असते. बायको म्हणाली, "गुडघा नाही, तुमचं अक्षर दुखतंय."

बाबांना मी गुडघ्याचंच कारण सांगितलं. ते दारावरच्या नकाशापाशी गेले, चष्मा लावून जरा वेळ उभे राहिले आणि परत येऊन बसले. "ती येणार नसेल तर मला ऐंशी व्हायचं नाही," ते म्हणाले. "केक मागवू नका." त्यानंतर ते वर्तमानपत्रामागे गेले. बाबा वर्तमानपत्रामागे गेले की विषय संपतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

मग सल्ले सुरू झाले. इन्स्पेक्टरसाहेबांचं मत, माफीनामा लेखी द्यावा, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी. लेखी! आत्याला! मी त्यांचे आभार मानले. डॉक्टर म्हणाले, दुखरी जागा उपटून टाका. ते वाक्य खोडून तिथे काहीतरी बरं लिहावं, असं मला स्वतःला वाटत होतं. बराच विचार करून मी बायकोला विचारलं, "विस्तार विचाराधीन, असं लिहिलं तर?" ती स्वयंपाकघरात निघून गेली आणि आतून भांड्यांचे आवाज येऊ लागले.

शेवटी वाढदिवसाच्या आधीच्या रविवारी मी नकाशा गुंडाळून काखेत मारला आणि आत्याचे चार मजले चढलो. दार तिनेच उघडलं, आणि गुडघ्याला हात लावायचं तिला जरा उशिरा आठवलं.

"आत्या, चूक झाली," मी म्हणालो.

"चूक मला कळते," ती म्हणाली. "चूक म्हणजे हात घसरतो. तू हे आखून, दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडून लिहिलंयस."

"ते खात्याचं वाक्य आहे गं. सवयीने..."

"ते मला कळलं. सरकारी मराठी मला तू शिकवू नकोस." तिने नकाशा टेबलावर उलगडला आणि चारी कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवली. "बंद टोक म्हणालास त्याचं मला काही नाही. ते मला तोंडावर ऐकवणारी माणसं तुझ्याहून शहाणी होती. पण हे बघ. हा तुझा केस कापायला गेलेला आजोबा. वय एकशे अठ्ठावीस आणि रेघ चालू. हा कोण?"

"लाँड्रीवाला."

"पक्क्या शाईत. याला तू पहिल्यांदा कधी पाहिलास?"

"गेल्या महिन्यात. एका मंगळवारी."

"मंगळवारी," आत्या म्हणाली. "आणि तू माझ्याकडे होतास, तो कुठल्या रेघेत आहे ते मला दाखव."

मी तीन वर्षांचा असताना आईला फुप्फुसाचा आजार झाला. ती दूरच्या रुग्णालयात, बाबा फिरतीच्या नोकरीवर, म्हणून मला आत्याकडे ठेवलं. आमच्या घरात 'ठेवलं' हाच शब्द वापरत. सातव्या वर्षी आई बरी झाली आणि मला परत आणलं. त्या काळातलं मला थोडंसंच आठवतं: एक खोली, छापखान्याच्या शाईचा वास, आणि टेबलाखाली लांब कागदांच्या ढिगावर बसून मी गिरवलेली अक्षरं. मी अक्षर काढायला तिच्याकडे शिकलो. ते वळणदार अक्षर तिचंच आहे. हे मला तिच्यासमोर उभं राहून, चोपन्नाव्या वर्षी सुचलं, आणि मला माझी लाज वाटली.

"याला खूण नाही आमच्याकडे," मी म्हणालो.

आत्याने कोपऱ्यांवरची पुस्तकं सारखी केली. मग म्हणाली, "ठेवून जा हे. प्रूफ बघितल्याशिवाय छापायला द्यायचं नसतं, एवढं तरी शिकवलं होतं तुला."

"पण बुधवारी वाढदिवस आहे. तू येशील ना?"

"बघते," ती म्हणाली. तिच्या 'बघते'चा अर्थ काय होतो, हे आमच्या घराण्यात आजवर कुणालाही नक्की सांगता आलेलं नाही.

बुधवारी संध्याकाळी आमची बैठकीची खोली भरून गेली. मेव्हणा सहकुटुंब आला होता. इन्स्पेक्टरसाहेब आणि डॉक्टर आले होते. बायकोने बोलावलं नसतानाही सतरापैकी चौदा नातेवाईक आले होते आणि येताना त्यांनी तक्रारअर्ज आणले होते. दारावर नकाशाच्या जागी चार टाचण्या होत्या. मेव्हण्याने त्या टाचण्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "असू दे, असू दे," तो म्हणाला.

बाबा केकसमोर हात मांडीवर ठेवून बसले होते. सुरी पलीकडे होती. कुणी म्हणालं, थांबायचं कशाला, कापू या. बाबांनी ऐकू न आल्याचा अभिनय केला. पावणेसातला लाँड्रीवाल्याने केकची दिशा बदलून पाहिली. सातला मेव्हणा घड्याळ बघू लागला. आमच्याकडे चार होती, म्हणून त्याला नीट अंदाज येईना. सव्वासातला दार वाजलं. आत्या आत आली, हातात नकाशाची गुंडाळी. गुडघ्याचं नाव नाही. तिने गुंडाळी सरळ बाबांच्या हातात दिली. "दादा, तुझ्या वाढदिवसाचं आहे ना? तू वाच."

बाबांनी चष्मा बदलला. मी आणि मेव्हण्याने नकाशाची दोन टोकं धरली. एकशे अठ्ठावीस वर्षांच्या आजोबांच्या रेघेशेजारी लाल शाईत प्रश्नचिन्ह होतं. खालच्या सतरा जोडांना तिने एकच मोठा कंस करून 'पुरावा?' असं लिहिलं होतं. चौदा जण पुढे वाकून बघू लागले. तिच्या स्वतःच्या चौकटीखालची आडवी दांडी आणि ते वाक्य ब्लेडने खरवडलेलं होतं. खरवडणं इतकं सफाईदार की माझ्या खात्यात कुणाला जमणार नाही. तिथून एक लाल रेघ निघाली होती. माझ्या सगळ्या पक्क्या रेघा ओलांडून ती आडवी माझ्या चौकटीपर्यंत गेली होती, आणि तिच्यावर बारीक अक्षरांत मजकूर होता. बाबांनी तो मोठ्याने वाचला:

"चार वर्षे माझ्याकडे. मागितल्यावर परत दिला."

बाबांनी तो पुन्हा एकदा वाचला, या वेळी मनात.

"हे चूक आहे," ते म्हणाले.

आत्याच्या मजकुरात चूक आहे, असं आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. ती बसता बसता उभी राहिली. "काय चूक आहे?"

"मागितल्यावर दिला म्हणे! तीनदा मागावा लागला मला."

"दोनदा," आत्या म्हणाली. "पहिल्यांदा तू पत्र पाठवलंस. ते मी धरत नाही."

"दुसऱ्यांदा मी स्वतः आलो, तर तू दार उघडलं नाहीस."

"तो झोपला होता."

"दुपारी चार वाजता?"

"शाळेतून दमून यायचा. तुला काय माहीत!"

"मी जिन्यात दोन तास बसलो होतो."

"माहीत आहे मला. मी आत दाराशीच बसले होते." आत्या खुर्चीत बसली. "तिसऱ्यांदा वहिनीला घेऊन आलास. तिच्याकडे बघून दिला मी, तुझ्याकडे बघून नाही."

मी नकाशाचं टोक धरून उभा होतो. आजवर मी असं समजून होतो, की एक अडचण आली म्हणून मला कुठेतरी ठेवलं आणि अडचण सरल्यावर उचलून आणलं, आणि दोन्ही वेळा कुणाचं फारसं काही बिघडलं नाही. दाराच्या आत एक आणि दाराबाहेर एक, अशी दोघं माझ्यासाठी दोन तास बसून होती, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला रडू आलं. मेव्हण्यासमोर आलं, चौदा तक्रारदारांसमोर आलं, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

बाबांनी खिशातून पेन काढलं आणि लाल मजकुरात 'मागितल्यावर'च्या आधी 'तीनदा' असं घुसडलं. आत्याने ते पेन त्यांच्या हातातून घेतलं, 'तीनदा' खोडून 'दोनदा' केलं आणि समासात सही केली. बाबांनी पेन परत मागितलं. ती देईना. केक तसाच होता, पाहुणे तसेच होते, आणि शाई वाळायच्या आत त्या नकाशावर आणखी काय काय लिहिलं जाणार याचा नेम नव्हता. बायको माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "अहो, काहीतरी बोला, थांबवा त्यांना."

मी म्हणालो, "नको. भांडू दे त्यांना."